मॅडमनी मराठीत करून सांगितलं

अंबाजोगाई

जिनतआपाला चाँदचा सलाम. दुल्हाभाईंचा गुडघा आता कसा हाय? उमापूरला लाईट टिकती का? आमी इथं खैरियतनं आहोत, असं अम्मीनं लिहायला सांगितलंय. माझं मी खाली लिहितो. (मराठीत लिहितोय, कारण उर्दूत लिहिलं की तू मजकूर सोडून चुका वाचतेस.)

आपा, मी जर्मन शिकतोय. जर्मन भाषा जगभर पसरावी म्हणून त्यांच्या देशाची एक संस्था हाय, तिनं इथं वर्ग काढला. (आपलं बोलणं ऐकून पुण्यातला माणूस हसतो, ही माणसं समुद्र ओलांडून स्वतःचं बोलणं शिकवाया येतात.) वर्गात सगळ्या नर्सिंगच्या पोरी आणि मी एकटा गॅरेजवाला. कावून जातोस, असं अम्मीनं विचारलं, तेव्हा जर्मन गाड्या दुरुस्त करायच्यात म्हणालो. आपल्या गॅरेजला आजवर जर्मन गाडी हवा भरायलासुद्धा थांबली न्हाई, पण तिनं मानलं. खरं कारण रईसचाचांची मुबश्शिरा. ती पहिल्या बाकावर बसती.

मागच्या आठवड्यात संस्थेच्या मोठ्या मॅडम जर्मनीहून आल्या, म्हणून कार्यक्रम ठेवला. प्रत्येकानं स्वतःबद्दल जर्मनमधून बोलायचं, समोर सगळ्यांच्या घरचे. मला वाटलं, यातल्या कुणाला काय कळणार? गॅरेजचं पाठ केलेलं सोडून मी सांगून टाकलं की घरी विचारायची माझी छाती होत न्हाई, पण निकाह करीन तर पहिल्या बाकावरच्या हिरव्या ओढणीवालीशीच. लई टाळ्या पडल्या. अम्मीनं डोळे पुसले. रईसचाचांनी शेजारच्याला सांगितलं, पोरगं हुशार निघालं.

मग मॅडम उठल्या. त्या मराठी शिकलेल्या, आपल्याहून शुद्ध. पालकांनाही आनंद मिळावा म्हणून त्यांनी माझं सगळं बोलणं माईकवर मराठीत करून सांगितलं, हिरव्या ओढणीसकट.

रईसचाचा टाळी अर्धी सोडून बाहेर गेले. अम्मी माझ्याकडं बघंना. मी जिन्यात लपलो, तर तिथं मुबश्शिरा आली. म्हणाली, “क्रियापद चुकलं तुझं. आणि अब्बांकडं आधी मोठं माणूस पाठवायचं असतंय, एवढं तरी कळाया पायजे.”

मुलांना दुवा.

तुझा भाऊ,
चाँद

ता. क. : अम्मी जाऊन बोलली, रईसचाचा काल मानले. पण मुबश्शिराला जर्मनीतल्या दवाखान्यात नोकरी लागली, निकाहनंतर मीही तिकडं जाणार. अम्मीला हे सांगायला तू ये. पत्र त्यासाठीच लिहिलंय.

आणखी एक ता. क. : येऊ नको. अम्मीला कळलं. रडली न्हाई, भांडली न्हाई. सकाळी जाऊन तिनं त्याच वर्गात नाव घातलं. कावून म्हणून विचारलं, तर म्हणाली, “सून तिकडं बसून माझ्याबद्दल काय बोलती, ते मला कळाया नको?”