बोटीच्या ट्रेलरचे उजवे चाक

२६ एप्रिल, रविवार

तळ्यावरचा बर्फ काल फुटला. आज उपासनेनंतर चर्चच्या दारात प्रवचनाविषयी कोणी अवाक्षर काढले नाही. जो तो बर्फाविषयीच बोलत होता. नव्या पाळकाचा चेहरा उतरला. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्याला सावध करायला हवे होते: मेमध्ये मासेमारीवरची बंदी उठते तो शनिवार जवळ आला की या प्रांतात पुनरुत्थानाचेसुद्धा कोणाला फारसे काही वाटत नाही.

जेवताना अर्डिसला म्हणालो, यंदा पहाटेच निघू. तिने शेंगांचे भांडे माझ्याकडे सरकवले आणि ती स्वतः शेजारच्या डेलमरच्या पिकअपमधून येणार, असे सांगितले.

"बोटीचा तो ट्रेलर जोडलेल्या गाडीत मी बसणार नाही. मागच्या वर्षी आपलंच चाक आपल्याला मागं टाकून गेलं, एल्डन. मी त्याला हात करणार होते."

यात अतिशयोक्ती नाही. वळणावर ट्रेलरचे उजवे चाक मधल्या हबसकट निखळले, आम्हा दोघा प्रोटेस्टंटांना ओलांडून पुढे गेले, खंदक पार करून कॅथलिक मंडळीच्या हिरवळीवर शिरले आणि पवित्र मातेच्या पुतळ्याच्या पायाशी विसावले. फादर झिगमंडने त्याच संध्याकाळी फोन केला: "पाळकसाहेब, तुमच्यातलं एक जण आमच्यात आलंय. राहू द्यायचं का?" गावच्या कॅफेत हे वाक्य हिवाळाभर पुरले. ते चाक गॅरेजवाल्याने घरी पोहोचण्यापुरते बसवून दिले होते, तसेच आहे.

विवाह झाल्यापासून या शनिवारी अर्डिस गुडघ्यांत थर्मास धरून माझ्या शेजारी बसली नाही, असे एकही वर्ष गेलेले नाही. आता ती डेलमरच्या कुत्र्याशेजारी बसणार! चाकांची बेअरिंगे मी स्वतःच्या हातांनी बदलीन. प्रभू साक्षी आहे.

२८ एप्रिल, मंगळवार

डेलमर कुंपणाशी आला. मी जॅक झाडत होतो. "पाळकसाहेब, येऊ का मदतीला?" मी म्हणालो, छे, तुला कशाला त्रास. तो कुंपणावर रेलला. "मला काय, रिकामाच आहे. येऊ?" मी म्हणालो, नको नको, होईल माझे मी.

आमच्याकडे पहिला नकार हे सौजन्य, दुसरा हे चांगले वळण. होकार तिसऱ्यांदा विचारल्यावर द्यायचा. डेलमर तिसऱ्यांदा तोंड उघडणार, तोच त्याच्या कुत्र्याला खार दिसली. कुत्रा गेला, त्याच्यामागे डेलमर गेला आणि तिसरा प्रश्नही गेला. आता आपण होऊन बोलावणे म्हणजे याचना.

भांडी पुसताना अर्डिस म्हणाली, "चाकांचं मी करू का?" मी हसून म्हणालो, छे, तू कशाला हात काळे करतेस.

३० एप्रिल, गुरुवार

उजवे चाक उतरवले. हबचे टोपण निघेना, निघाले तेव्हा थेट अंगणातल्या पक्ष्यांच्या हौदात गेले. नट अडवून धरणारी कॉटर पिन, मग नट, मग हब ओढला आणि बाहेरचे बेअरिंग हातात आले: कड्याच्या आत कडे, त्यात बारीक रूळ एकमेकांना न धक्का देता फिरणारे. बायबलातल्या, नदीकाठी बंदिवान असलेल्या त्या संदेष्ट्याला चाकाच्या आत चाक दिसले, त्यावर मी पाळकपणाच्या उमेदवारीत एक प्रदीर्घ निबंध लिहिला होता. त्यात गंजाचा उल्लेख नव्हता.

इथे मात्र गंजच होता. ग्रीस करपलेल्या लापशीसारखे झालेले. रस्त्याने तापलेला हब थंड तळ्यात उतरवला की तो आत पाणी ओढून घेतो. एका पिढीला मी बाप्तिस्मा दिला. पाणी कुठे कुठे शिरते, हे आज समजले.

१ मे, शुक्रवार

हबच्या मागचे, ग्रीस आत धरून ठेवणारे सील उलटे बसवले. काढताना वाकले. दुसरे आणले. तेही उलटेच बसवले.

२ मे, शनिवार

आज ग्रीसचा विधी. ग्रीस तांबडे, पाण्याला न जुमानणारे, नवा डबा. प्रथम नव्या बेअरिंगला बाहेरून छान माखले आणि समाधानाने मागे सरून पाहिले. मग जाणवले की मी वाटी केवळ बाहेरून घासणाऱ्या, शुभवर्तमानातल्या त्या शास्त्र्यांच्या पंगतीला जाऊन बसलो आहे! पुसून पुन्हा आरंभ केला. तळहातावर गोळा घ्यायचा, बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायची, ग्रीस रुळांमधून वर डोकावेपर्यंत. मग थोडे फिरवायचे, पुन्हा दाबायचे. हे काम प्रार्थनेसारखे आहे: घाई केली की पोकळ राहते.

किती पोकळ राहिले, ते बाहेरून दिसत नाही.

अर्डिस लिंबू सरबत घेऊन आली. माझ्या कोपरांकडे, चष्म्याकडे आणि कानावरच्या तांबड्या गोळ्याकडे बघत उभी राहिली. "मी करू का, एल्डन?"

"नको. जवळपास झालेच आहे."

ग्लास तिनेच माझ्या तोंडाला लावला.

४ मे, सोमवार

नट आवळणे हाच या शास्त्राचा गाभा आहे. आधी घट्ट आवळायचा, हब फिरवीत, म्हणजे सारे आपापल्या जागी बसते. मग सोडायचा, आणि पुन्हा केवळ बोटांनी टेकवायचा. तसाच घट्ट ठेवला तर हब तापतो, बेअरिंग जळते; फार सैल ठेवला तर चाक कॅथलिक होते. नियमशास्त्र आणि कृपा यांचे नाते मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो, पण पाना हातात घेऊन प्रथमच. अर्डिसला हे सविस्तर समजावले.

"मग पिन घातलीस ना?" ती म्हणाली.

पिन घालून आलो. डावे चाकही याच क्रमाने पूर्ण झाले.

६ मे, बुधवार

दुपारभर चर्चच्या तळघरात बायबल अभ्यास. घरी आलो तर स्वयंपाक नाही. ओव्हनमध्ये करतात ते हॉटडिश, परवाचे शिळे, तेही गार. अर्डिस डोक्याला रुमाल बांधून, संत्र्याच्या वासाच्या, गॅरेजमधल्या त्या खरखरीत साबणाने हात धूत होती. रुबार्बच्या वाफ्यात खुरपत होते, म्हणाली. या वयात एवढे कष्ट बरे नव्हेत. वाफ्याकडे मी नजर टाकली. काम फारसे दिसत नव्हते.

७ मे, गुरुवार

रात्रीच्या जेवणाला अर्डिस अगदी सहज म्हणाली, "शनिवारी तुझ्याच गाडीतून येईन म्हणते."

डेलमरच्या कुत्र्याचे काय, असे मी विचारले. "त्याला ऐसपैस बसू दे."

मनुष्याच्या हातचे काम पाहून विश्वास उपजतो, हे खरे आहे. आज आभाराची प्रार्थना लांबली. अर्डिसने मध्येच आमेन म्हटले.

९ मे, शनिवार

पहाटे निघालो. थर्मास तिच्या गुडघ्यांत. वळणावर मी वेग अर्धा केला. आरशात पाहिले, दोन्ही चाके आपापल्या संप्रदायात होती. फादर झिगमंड हिरवळीवर उभा होता, त्याने ट्रेलरच्या दिशेने क्रूसाची खूण केली. ती मी प्रतिस्पर्ध्याची खोडी म्हणून सोडून दिली.

तळ्याकाठी, बोट पाण्यात उतरवण्यापूर्वी, अर्डिस खाली उतरली आणि तिने उजव्या हबवर तळहात ठेवला. ठेवूनच राहिली.

"गार आहे," ती म्हणाली. माझ्याकडे पाहून इतकी हसली की मी बोटीचा दोर सोडायचे विसरलो.

तिला दोन सुरेख वॉलाय मासे लागले. मला एक पर्च, तोही तिच्या गळाला अडकलेला.

१० मे, रविवार

उपासनेनंतर, पाणी शिरले नाही ना हे पाहण्यासाठी, उजव्या चाकाचे टोपण काढले. आत स्वच्छ, भरघोस ग्रीस. निळे.

डावे उघडले. निळे.

माझा डबा तांबडा आहे. निळे ग्रीस या रस्त्यावर एकट्या डेलमरकडे असते. तसाच त्याच्याकडे गेलो. "देवाशपथ, मी हात नाही लावला," तो म्हणाला. "डबा तेवढा बुधवारी उसना गेला होता." कोणाकडे, असे विचारले तेव्हा तो कुत्र्याशी बोलू लागला.

जेवताना अर्डिसने बटाट्यांचे भांडे पुढे केले. तिच्या लग्नाच्या अंगठीच्या नक्षीत निळी रेघ होती.

"दोनदा विचारलं होतं तुला," माझी नजर पाहून ती म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारलं असतं तर हो म्हणाला असतास. मग तुझ्या मदतीनं करावं लागलं असतं."

११ मे, सोमवार

न्याहारीला विचारले, माझे काही चुकले होते का. "छे," ती म्हणाली. कॉफी ओतताना पुन्हा विचारले. "अजिबात नाही."

तिसऱ्यांदा विचारले नाही.