आजोबांच्या नावाने बिअर

वायादोलिद, २० जानेवारी

तीर्थस्वरूप आजोबांस,
तोर्निकेचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तरी तुम्ही लेखी मागता, म्हणून लिहितो. स्पेनच्या रग्बी संघात माझी निवड झाली. युरोपच्या दुसऱ्या फळीतल्या देशांची जी स्पर्धा असते, तीत मार्चमध्ये आमचा सामना जॉर्जियाशी आहे, तोही तुमच्या कुताइसीत. एकदा इथला सदरा अंगावर चढला की जॉर्जियाकडून खेळणं संपलं, असं प्रशिक्षक म्हणतात. फेब्रुवारी सरण्याआधी होकार द्यायचा आहे. तुमच्या आशीर्वादाशिवाय मी तो देणार नाही.

निवड कळली तेव्हा सगळी पोरं जमली होती. मी उभा राहिलो, तुमचं पूर्ण नाव घेतलं आणि तुमच्यासाठी बिअरचा भला मोठा प्याला एका दमात संपवला. तुम्ही तिथे असता तर खूश झाला असता.

लोभ आहेच, यंदा जरा जास्त लागेल.
तुमचा,
तोर्निके

*

कुताइसी, ४ फेब्रुवारी

चि. एतेरी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या चिरंजीवांचे पत्र पोचले. उत्तर त्याला न देता तुला देतो, कारण काय उत्तर द्यावे हेच मला उमगलेले नाही. आपल्याकडे मेजावर वाइन उचलतात ती आप्तांसाठी आणि मृतांसाठी. बिअर उचलतात ती ज्याचे वाईट चिंतायचे त्याच्यासाठी. तोर्निकेने माझे नाव घेऊन बिअर उचलली. यातून निघणारा निष्कर्ष मला लिहवत नाही. आता तोच मुलगा माझा आशीर्वाद मागतो. ज्याचे वाईट चिंतावे त्याचा आशीर्वाद कोणी मागत नाही. अर्थात दोहोंपैकी एक विधान खोटे असले पाहिजे. कोणते, हे आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवूनही मला सांगता येत नाही.

शेजारच्या वालिकोला मी ते पत्र वाचून दाखवले, ही चूक झाली. मास्तरांच्या नातवाने आधी मास्तरांवर प्याला उचलला, आता आपल्यावर चेंडू घेऊन धावणार, असे तो गल्लीभर सांगत सुटला आहे. ही स्पर्धा आपण बहुतेक दर वर्षी जिंकतो, तरी वरच्या सहा देशांच्या पंगतीत आपले पान कोणी मांडत नाही. त्यामुळे लोक प्रत्येक सामन्याला पोटतिडकीने जातात. मी यंदा तिथे कोणत्या नात्याने बसावे, तेही कळव.

ममता कमी झालेली नाही, गोंधळ तेवढा वाढला आहे.
बाबा

*

वायादोलिद, १५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग रडू आलं. बाबा, त्याला हे ठाऊकच नाही. चार वर्षांचा असताना त्याला इकडे आणलं. मी ज्या म्हातारीची शुश्रूषा करते तिच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या जेवते. मेज मांडून, एकेक नाव घेऊन प्याले उचलावेत, असं जेवण आमच्याकडे कधी झालंच नाही. कोणता प्याला कोणासाठी, हे त्याने बघावं तरी कुठे? इथे आनंद झाला की बिअरच पितात.

काल त्याला अर्थ सांगितला. पांढराफटक पडला. म्हणाला, आजोबांना वाटलं असेल मी त्यांना शाप दिला, आता कुठल्या तोंडाने आशीर्वाद मागू? प्रशिक्षकांना नाही म्हणून सांगणार आहे. ही संधी परत यायची नाही, बाबा. या वेळी सिद्धता नको. हो किंवा नाही, एवढंच लिहा. आणि वालिकोकाकांना म्हणावं, पोरगं शंभर किलोंचं आहे, जपून बोला.

माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
एतेरी

*

कुताइसी, १९ मार्च

चि. एतेरी हिस,
अ. उ. आ.

मी वालिकोच्या फोनवरून लिहून पाठवलेले एकाक्षरी उत्तर वेळेत पोचले, याचा पुरावा काल मैदानात धावताना पाहिला. त्या होकारामागची कारणे मला अजून जुळवता आलेली नाहीत.

सामना आपण जिंकलो. ‘आपण’ हा शब्द खोडावा की ठेवावा, याचा विचार करतो आहे. उत्तरार्धात तोर्निके चेंडू घेऊन थेट आमच्या बाजूला सुटला आणि आपले दोन दांडगे गडी त्याच्यावर झेपावले. सगळे प्रेक्षक उठले. मीही उठलो आणि जिवाच्या आकांताने काहीतरी ओरडलो. काय ओरडलो, ते आठवत नाही. वालिको शेजारीच होता. त्याला विचारले, तर मास्तर, ते माझ्याबरोबर थडग्यात जाईल, एवढेच म्हणतो.

संध्याकाळी पोरगा घरी आला. नाकावर पट्टी होती. वालिकोच्या बायकोने गरम खाचापुरी आणली. रोटीच्या आतले चीज अजून वितळत होते. मी वाइन ओतली. प्याल्याला हात लावण्याआधी त्याने माझ्याकडे चोरट्या नजरेने पाहिले. मग विचारले, “आजोबा, तुम्ही उभे राहून ओरडत होतात. माझ्यासाठीच ना?”

वालिकोने चावणे थांबवले.

मी म्हणालो, “हो.”

हे विधान सत्य की असत्य, याचा निर्णय आज सकाळपर्यंत झालेला नाही. वालिकोला तो ठाऊक आहे. त्याने मान खाली घातली आणि खाचापुरीतला सर्वांत मोठा तुकडा पोराच्या ताटात वाढला.

लोभाची वाटणी तूच कर. मला ती जमेल असे वाटत नाही.
बाबा