शेळीची घंटी

बेटा जेनू,

हे पत्र टपालात टाकणार नाही. वाचलंस तर सासर सोडून धावत येशील.

वेला रबाऱ्याने शेळ्यांच्या बारा घंट्या परत आणल्या. म्हणाला, "जुसबभाई, हा आमच्या कळपाचा सूर नाही. शेळ्या वळूनसुद्धा बघत नाहीत." मी त्याच्यावरच ओरडलो, "तुझ्या शेळ्याच माजल्यात!" तो गेल्यावर एकेक घंटी कानाशी धरून हलवली. आतली लाकडी जीभ हलताना दिसत होती, पण आवाज येईना. म्हशीची घंटा मात्र अजून ऐकू येते.

भुजच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोजच्या ठोकण्याने बारीक आवाज आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत." दहा वर्षांची होतीस तेव्हा तू माझ्यामागे लागायचीस, "अब्बा, पत्रा ठोकताना कानांत बोळे घाला, सूर लावताना काढा!" मी हसायचो. "कान बंद करून कुणी घंटा घडवतं का, वेडे?"

तुझी चिमुकली मरियम फोनवर नानाशी, माझ्याशी, बोलते तेव्हा मी नुसतं "शाबास, शाबास" म्हणतो. परवा तू फोन हिसकावून घेतलास. "शाबास काय, अब्बा? नाना कधी येणार, विचारतेय ती!" मी म्हणालो, इथे रेंज नाही. रेंज होती, बेटा.

आता ठोकताना डॉक्टरीणबाईंनी दिलेले रबरी बोळे घालतो. मरियम मोठी होईल, तिचा आवाज जरा जाड होईल. तोवर उरलेले कान राखायचे आहेत.

तुझं न ऐकणारा,
अब्बा