व्हिएन्नातली चित्राहुती

डब्लिन, ओहायो
ऑक्टोबर १९८६

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार (अपार्टमेंटमध्ये आडवं व्हायला जागा नाही, तेव्हा मनातल्या मनात). तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? बरं असेल तरच पुढे वाचा.

बाबा गेल्यापासून माझं कन्यादान तुम्हीच करणार, हे ठरलेलं होतं. पण तुमच्या होणाऱ्या जावयाच्या, पीटरच्या, वडिलांचा बार आहे हे कळताच तुम्ही कळवलंत, की गुत्तेवाल्याच्या मांडवात पाय ठेवणार नाही. मी दोन दिवस रडले. पीटरचे वडील म्हणाले, पोरीला चांगला बार कसा असतो ते तरी दाखवू, आणि सुट्टीत आम्हा दोघांना थेट व्हिएन्नाला घेऊन गेले. त्यांच्या मते जगातला सर्वांत थोर बार आणि रेस्टॉरंट तिथे आहे. (नाव लिहीत नाही. तुम्हाला ठाऊक आहे.)

काका, जागा खरोखर जीव लावणारी आहे. जुनी लाकडी बाकं, बटाट्याच्या सॅलडचा वास, आजोबा बसायचे त्याच कोपऱ्यात आता नातू बसतात. मी लिंबू सरबत मागवलं (तुमची शपथ). म्हाताऱ्या वेटरने पेला ठेवला, त्याभोवती बोटाने पाणी फिरवलं, उजवीकडे पावाचे कण ठेवले आणि हात जोडून उभा राहिला. मी थक्क. आजूबाजूला पाहते तर सगळे ऑस्ट्रियन आपापल्या बियरभोवती चित्राहुती घालताहेत! विचारलं, तेव्हा कळलं की चोपन्न साली एका हिंदी विद्यार्थ्याने ही रीत घालून दिली; तो हे केल्याशिवाय घोट घेत नसे आणि एकदा घेतला की थांबत नसे. मग वेटरने भिंतीवरचा त्या विद्यार्थ्याचा फोटो दाखवला. मिशी तीच. हातात बियरचा मग. आमचे काका, गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष, ज्यांनी माझं खोकल्याचं औषधसुद्धा हुंगून परत पाठवलं होतं!

पीटरच्या वडिलांचे मात्र डोळे भरून आले. त्यांच्या बारमध्ये आता ट्रक ड्रायव्हरसुद्धा पाणी फिरवल्याशिवाय पीत नाहीत.

तुमची (अजून न सावरलेली)
सुनेत्रा

ता. क. लग्न वीस डिसेंबरला आहे. बाबांच्या जागी मला दुसरं कोणीही नको. ही धमकी समजू नये. (फोटोच्या प्रती काढल्यात, पण त्या आठवण म्हणून.)

ता. क. २. राहवेना, म्हणून तुम्ही फिरायला गेल्याची वेळ साधून काकूला फोन केला आणि चाचरत सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मला बघायला आले तेव्हाच सांगितलं होतं त्यांनी. मी केलंच ना लग्न?" तुमची बॅग तिने भरायला घेतली आहे.