मंत्राबिगर हाड

अमरावती. जानेवारी १८६४, रविवार संध्याकाळ.

सकाळी प्रार्थनेत योहानने धन्याचं धन पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट सांगितली. देवाने दिलेलं कसब दुसऱ्याच्या कामी लावा, म्हणाला. बोलताना हात उंच करतो. रुंद, जाड अंगठ्यांचे हात. बाप्तिस्म्याआधी तो हाडवैद्य होता.

दुपारी आमच्या दारासमोर कापसाची गाडी उलटली आणि गाडीवान सखारामचा खांदा निखळला. ऐन हंगामात हात गेला तर हा माणूस खाणार काय? मी योहानला ओढत आणलं.

योहान हात पाठीमागे बांधून उभा राहिला. म्हणाला, "हाड ओढताना मारुतीचा मंत्र लागते. तो आता मले म्हणता येत नाही. अन् मंत्राबिगर हाड बसत नाही."

मारुतीला सोडलं म्हणे. त्याची भीती मात्र जपून ठेवली आहे.

सखाराम घामाने निथळत होता, तरी हसला. "मंग तुमच्या देवाचं नाव घ्या ना, भाऊ! मले कोनाचंबी चालते. का त्याले हाड बसवता येत नाही?"

योहानने ते हात जोडले, डोळे मिटले आणि सखारामसाठी प्रार्थना सुरू केली. लांबलचक. खांदा बसवायला एवढा वेळ लागतो का? मला नाही वाटत.

अखेर सखारामच्या भावाने त्याला दुसऱ्या गाडीत घातलं आणि बडनेऱ्याच्या वैद्याकडे नेलं. प्रत्येक खड्ड्याला त्याचं ओरडणं ऐकू येत होतं. योहानची प्रार्थना संपली तेव्हा 'आमेन' म्हणायला मी एकटाच उरलो होतो.

म्हणालो नाही.