हमरस्त्यावरचा आकडा

१२ ऑगस्ट

डेलबर्टने आज पुन्हा छातीवर हात ठेवला. चर्चमधून येताना, गाडी चालवता चालवता! मी पाहिलं हे कळल्यावर हात लगेच स्टीअरिंगवर. विचारलं तर म्हणे, नाश्त्याची ग्रेव्ही बाधली.

हमरस्त्यावर त्या मोठ्या हॉस्पिटलचा फलक लागलाय. इमर्जन्सीत किती थांबावं लागेल त्याचा आकडा लाल दिव्यांत झळकत असतो. आज छत्तीस मिनिटं होता. तो पाहून डेलबर्ट म्हणाला, "तेवढ्या वेळात मी घरी जाऊन बराही होईन."

मला हसू आलं नाही.

१४ ऑगस्ट

दुपारी तो खुर्चीत डुलकी घेतो तेव्हा मी मागे उभी राहून त्याचा श्वास ऐकते. मध्येच थांबल्यासारखा वाटतो. माझाही थांबतो.

१७ ऑगस्ट

हर्शेल टोमॅटो घेऊन आला होता. चाळीस वर्षं दोघं एकाच होडीतून मासे धरतात, त्याचं तरी ऐकेल म्हणून सगळं सांगितलं. हर्शेलचं म्हणणं, गावातलं जुनं हॉस्पिटल काय वाईट आहे, कोपऱ्यावर तर आहे, आत्ता ने. डेलबर्ट कसला ऐकतो! तिथे माणूस बसून बसून वाळतो म्हणे! फलकावरचा आकडा दहाच्या खाली आला की मी आपणहून जाईन, म्हणाला. दोघं हसले. मी टोमॅटो धूत बसले.

२१ ऑगस्ट — हॉस्पिटलातून

गवत कापता कापता घरात आला. मशीन बाहेर तसंच चालू. शर्ट घामाने चिंब, ओठ पांढरे. म्हणाला, "मॅव्हिस, गाडी काढ."

लग्न झाल्यापासून या माणसाने कधी आपणहून डॉक्टरचं नाव काढलेलं नाही. मी किल्ल्या घेऊन धावले.

अँब्युलन्स नको म्हणाला. जुन्या हॉस्पिटलकडे वळत होते तर तेही नको — पुढे चल. फलकावर चार होता. "बघ, चार!" म्हणाला. मी ऐकलं त्याचं. का ऐकलं?

चार मिनिटांत नाव पुकारलं, खरंच. एका मुलीने मनगटाला पट्टा बांधला, प्रेशर घेतलं, कार्डिओग्राम काढला आणि बाहेर बसा म्हणाली. डॉक्टर बोलावतील. बसलो. बसूनच राहिलो. शेजारी लेकराचा मोडलेला हात धरून एक बाई होती. तिने सांगितलं, "तो आकडा त्या मुलीपर्यंतचा असतो हो. डॉक्टरपर्यंतचा नाही."

दोनदा खिडकीपाशी गेले. दोनदा बसायला सांगितलं. दुपार कलली. डेलबर्टचा हात माझ्या हातात गार होत चालला होता. मग तो खुर्चीवरून घसरला — आवाज न करता. मी किंचाळले. तेव्हा सगळे धावले.

२२ ऑगस्ट

रक्तवाहिनी उघडली, स्टेंट बसवला. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचले. नळ्यांमध्ये तो इतका लहान दिसतो! मी टेकत नाही. टेकले की तो घसरेल असं वाटतं.

२८ ऑगस्ट

घरी आणलं. पट्टा बांधल्यानंतरचं त्याला काही म्हणजे काही आठवत नाही. त्याच्या लेखी डोळे उघडले तेव्हा तो बरा झालेला! "चार मिनिटांत आत घेतलं मला" — फोनवर हेच, पाद्रीबाबांना हेच, संध्याकाळी हर्शेल आला तर त्यालाही हेच. हर्शेल मान डोलावत होता.

मी तोंड उघडलं. पण डेलबर्टचा चेहरा — कित्येक दिवसांत पहिल्यांदा त्यावर भीती नव्हती. त्या खुर्चीची आठवण करून दिली तर ती परत येईल. आत गेले, शेंगा सोलल्या. 

१ सप्टेंबर

आज न्हाव्याच्या दुकानात तेच. मी बाकावर मासिक चाळत बसले.

९ सप्टेंबर

हर्शेलच्या बायकोचा, नोरीनचा फोन आला. हर्शेल गेला. दुपारी छातीत कळ आली, ती जुन्या हॉस्पिटलकडे वळत होती, तर त्याने स्टीअरिंग धरलं — डेलबर्टला चार मिनिटांत घेतलं, तिकडेच ने. पोचलेच नाहीत.

बाहेर डेलबर्ट होडी धुतोय. हर्शेल फोन का उचलत नाही, विचारतोय.