चिक्कव्वाची भोगी

अव्वा, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझ्याशी बोलायला कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही. म्हणून तिच्यापासूनच करते. तुझ्यामागं अप्पांनी जिला घरात आणलं, जिला मी चिक्कव्वा, म्हणजे धाकटी आई, म्हणत आले, तिला यंदा मार्गशीर्षात अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, आणि इतक्या वर्षांत शिकलेली मराठी पार पुसली जाऊन अक्कलकोटकडच्या तिच्या माहेरचे चार कानडी शब्द तेवढे उरले. त्यातला एकच ती दिवसभर म्हणायची. ब्याड. म्हणजे नको. पाणी नको, पेज नको, गोळी नको. चमचा जवळ नेला की ओठ घट्ट मिटायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गिळताना ठसका लागेल, पातळ काही देऊ नका, घट्टसर करून, ताठ बसवून, हनुवटी खाली करून भरवा. आणि खातच नसेल तर नाकातून नळी घालावी लागेल. माझं सासर दोन गल्ल्या पलीकडं, मुलं बाहेरगावी, म्हणून मी तिच्याकडंच राहायला आले होते. रोज घट्ट पेज करायची, रोज ती तशीच गार व्हायची. चिक्कव्वा तगून होती ती घरी लावलेल्या सलाईनवर.

संक्रांतीसाठी भाऊ पुण्याहून बायकोला घेऊन आला. भाऊ म्हणजे तिचा मुलगा. तू त्याला पाहिलेलं नाहीस. आला त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात खाली बसून पावटे सोलत होते. शेजारी गाजरं, वांगी, हरभऱ्याचे हिरवे डहाळे, निवडलेले तीळ. तो दारातच उभा राहिला.

"अक्का, हे काय चाललंय? तिकडं ती उपाशी, आणि तू सणाचं मांडून बसलीस?"

"उद्या भोगी आहे की."

"असू दे की. उद्या सकाळीच नळी घालून आणू या. डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला?"

"सांगितलंय. दुपारपर्यंत थांब. घरात फोडणीचा वास सुटू दे, तिला सण कळू दे. नाही खाल्लं तर मीच रिक्षा बोलावते."

"आणि तोवर तिला काही झालं तर?"

मी पुढची शेंग उचलली. तो आवाज न चढवता म्हणाला, "ती माझी आई आहे, अक्का."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी मान वर न करता पावटे सोलत राहिले. थोड्या वेळानं त्याची बायको माझ्याशेजारी येऊन बसली आणि तीही सोलायला लागली. आतल्या खोलीत चिक्कव्वाच्या श्वासाची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

तू गेलीस तेव्हा मी दुसरीत होते. पावसाळ्यात तू गेलीस आणि थंडीत ती आली. विशीचीही नसेल. मराठीचा एक शब्द येत नव्हता. महिनाभरात भोगी आली, आणि मोडनिंबहून आत्या आली, नवी बाई कशी नांदतेय ते बघायला. पंगतीत माझं ताट वाढलं जातं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भाजी, लोण्याचा गोळा. आत्या सगळ्यांदेखत मला म्हणते, "बघून खा गं पोरी. सावत्र हाय ती. आईचा हात न्हाय त्यो." अप्पा ताटाकडं बघत बसतात. मी हात मागं घेते. चिक्कव्वाला शब्द कळले नसतील, पण माझा हात मागं गेलेला तिनं पाहिला. वाढता वाढता ती माझ्यासमोर बसली, माझ्या ताटातली भाकरी मोडली, भाजीला लावून एक घास स्वतः खाल्ला, सावकाश, आत्याकडं बघत. मग ताट माझ्याकडं सरकवून उठली. मला भूक लागली होती. मी खाल्लं. आत्यानं नंतर तो विषय कधी काढला नाही, आणि चिक्कव्वानंही नाही.

तीच आत्या यंदा भोगीला सकाळच्या एसटीनं आली, वाकलेली, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. चिक्कव्वाला आम्ही जुन्या लुगड्यानं खुर्चीच्या पाठीला बांधून बसवलं आणि ती खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात आणून ठेवली. भाऊ तिच्यामागं उभा. मी तीळ भाजले, शेंगदाण्याचा कूट घातला, भाजी रटरटायला लागली. भाकरीला तीळ थापताना पाहिलं तर तिची मान वर झाली होती. थोडी भाजी मी पुरणाच्या चाळणीतून काढली, मऊ गोळा केला आणि अर्धा चमचा तिच्या ओठांपाशी नेला. ओठ मिटले. भाऊ म्हणाला, "बघ." मी हात तसाच धरून ठेवला, तो दुखायला लागला तरी धरून ठेवला. मग ते ओठ जरासे उघडले.

तिनं गिळलं आणि तिला ठसका लागला. असा ठसका मी कुणाचा पाहिला नव्हता. चेहरा काळानिळा पडला, डोळ्यांतून पाणी, श्वास आत जाईना. भावानं तिला पुढं वाकवलं, तो पाठ चोळत होता आणि मला म्हणत होता, "बास झालं, अक्का, बास झालं." मी तिची हनुवटी धरून खाली बसले होते. माझ्या मनात एवढंच, मी मारलं हिला. तव्यावर भाकरी करपत होती आणि ती उलटायचं कुणाला सुचत नव्हतं. मग श्वास आत गेला. एकदा, परत एकदा. तिनं डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावली आणि काहीतरी पुटपुटली. मला वाटलं ब्याड. भावानं तिच्या तोंडाशी कान नेला.

"उप्पु म्हणतीय," तो म्हणाला. "मीठ. मीठ कमी आहे म्हणतीय."

तिच्या रक्तदाबासाठी मी मीठ बेतानंच घातलं होतं. मग भावानंच डब्यातून चिमूटभर मीठ आणलं, वाटीत कालवलं आणि चमचा माझ्या हातात दिला. अर्धी वाटी भाजी खायला तिनं एवढा वेळ घेतला की आमची जेवणं तिसऱ्या प्रहरी झाली.

यानं सगळं निभावलं असं मात्र झालं नाही. संक्रांतीला तिनं परत ओठ मिटले. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीनं रस्ते बंद, रिक्षा कुठून कुठून फिरवत आम्ही दवाखान्यात पोचलो आणि तिला नळी घातली. मी हट्ट केला नाही. भावानं डॉक्टरांना सांगितलं, काल तिनं गिळलंय, मी पाहिलंय. ते म्हणाले, मग आशा आहे. होळीच्या सुमाराला नळी निघाली. आता दुधात कुस्करलेली भाकरी खाते आणि डाव्या हातानं वाटी ढकलून मला नावं ठेवते.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत हे मला कळतं. लिहायचं राहून गेलं ते एवढंच. भोगीच्या त्या दिवशी जेवताना आत्या म्हणाली, "अगदी आईच्या हाताची भाजी झालीय गं तुजी." मी हो म्हणाले. कुठल्या आईच्या ते तिला विचारलं नाही. अव्वा, तुझी पाठमोरी वेणी मला आठवते, तुझ्या बांगड्या आठवतात. तुझ्या हातचा एक घास आठवत नाही.